खुर्च्यांखालची मॅट

मी बॅडमिंटन कोर्टाची मॅट बोलतेय. सध्या हॉलच्या मागच्या बोळात मला गुंडाळून, भिंतीला टेकवून उभं केलंय. गुंडाळलेल्या मॅटने गप्प राहायचं असतं म्हणे. पण मी खूप दिवस गप्प राहिले. आता नाही राहणार.

बारा वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका हॉलमध्ये मला अंथरलं. माझ्या चार लांब पट्ट्या, शेजारी शेजारी जुळवल्या की एक कोर्ट. लोकांना मी नुसती हिरवी चटई वाटते. पण खेळाडू उडी मारून खाली येतो, तेव्हा त्याच्या गुडघ्याला बसणारा हिसका मी माझ्या पोटात घेते. त्याचा पाय घसरू द्यायचा नाही आणि अडकूही द्यायचा नाही, एवढंच माझं काम. ते मी मन लावून केलं.

शालनताई तिथे शिकवायच्या. स्वतः राज्यापर्यंत खेळलेल्या. सकाळी आल्या की आधी ओल्या फडक्याने मला पुसून काढायच्या, मग पोरांना आत घ्यायच्या. त्याच वर्षी कळव्याहून एक बसकंडक्टर आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आले. निशिगंधा तिचं नाव.

मी माणसांना पायांवरून ओळखते. हिचे पाय हलके आणि भलतेच हट्टी. शॉट चुकला की डावी टाच माझ्यावर आपटायची.

"अगं, मॅटवर कशाला राग काढतेस? शटलवर काढ!" शालनताई ओरडायच्या.

तिने तो शटलवर काढला. जिल्हा, राज्य, मग देश. एकोणिसाव्या वर्षी व्हिएतनामच्या स्पर्धेत भारताकडून खेळून तिने रौप्यपदक आणलं. अंतिम सामना शालनताईंनी मोबाईलवर लावला होता आणि सगळ्या मुली माझ्यावरच मांडी घालून बसल्या होत्या. हरल्यावरसुद्धा सगळ्यांनी अशा उड्या मारल्या की माझे सांधे उचकटायचे बाकी राहिले. तो आनंद मला हवाहवासा वाटला.

मग हॉलच्या कमिटीने तिचा सत्कार ठरवला. कुठे? माझ्यावर!

लोखंडी स्टेज आलं, तीनशे खुर्च्या आल्या. शालनताई अध्यक्षांच्या मागे मागे फिरत होत्या. "साहेब, मॅट गुंडाळून ठेवू या. अर्धा तास लागेल फक्त. मी मुलींना घेऊन करते."

"काय ताई तुम्ही पण! गालिचा टाकल्यासारखं दिसतंय. राहू दे की."

तीन तास भाषणं चालली. बॅनरवर साहेबांचा चेहरा हाताएवढा, निशिगंधाचा बोटाएवढा. बुटांनी, टाचांनी मला तुडवलं, कुणी चहा सांडला. स्टेज उचलायचे कष्ट नकोत म्हणून ते ओढत नेलं आणि मागच्या कोपऱ्यात मी वीतभर फाटले. ज्या मुलीचं कौतुक करायला जमले होते, तिच्याच पायाखालचं फाडून गेले. वर पेढेही खाऊन गेले!

शालनताईंनी तीन अर्ज दिले. उत्तर एकच, "नवी मॅट येतेय, तोवर चिकटपट्टी लावा." त्यांनी पट्टी लावली आणि निशिगंधाला बजावलं, "त्या कोपऱ्यात जाऊ नकोस." पण निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती, आणि रॅली रंगात आल्यावर शटल सोडून पायाखाली कोण बघतं? ती स्मॅशसाठी मागे झेपावली. पट्टी उचकटली, बूट माझ्या फाटक्या कडेत अडकला. तिचा गुडघा वळला. मी तिला धरू शकले नाही.

लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, चाचणी हुकली. आणि कमिटीने वर्तमानपत्रात छापून आणलं की, खेळाडूने योग्य बूट घातले नव्हते.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मला तोंड असतं तर!

दोन महिन्यांनी कमिटीची वार्षिक सभा भरली. पुन्हा माझ्यावर खुर्च्या. निशिगंधा कुबड्या घेऊन आली, मागे शालनताई. अध्यक्ष बोलत असताना तिने पिशवीतून बूट काढून त्यांच्या टेबलावर ठेवले.

"हे त्या दिवशीचे. कोर्टाचेच आहेत. तळवे बघा, साहेब."

"हे बघ बाळा, इथे तो विषय नाही. आपण नंतर बसून बोलू."

"नंतर नाही. तुम्ही छापलंत ते सगळ्यांनी वाचलंय, आता बघू दे सगळ्यांना." ती मागच्या कोपऱ्याकडे वळली. "काका, जरा उठता? खुर्ची उचला ना प्लीज."

तिथे बसलेले गृहस्थ चपापून उठले. शालनताईंनी खाली बसून, नंतर पुन्हा लावलेली चिकटपट्टी खर्रकन ओढली. माझी जखम उघडी पडली. त्या ओळीतले सगळे उभे राहिले, मग पुढची ओळ. साहेबांना मात्र बसल्या जागेवरून काहीच दिसलं नाही. ते म्हणाले, "चला, चहा झालाय."

एवढ्या लोकांनी पाहिल्यामुळे नवी मॅट महिन्यात आली. माफी मात्र आली नाही. नवी आली त्याच दिवशी मला ओढत बोळात आणलं.

निशिगंधा वर्षभराने पुन्हा खेळायला लागली. क्रमवारी घसरलीय, म्हणून परदेशात पात्रता फेरीपासून सुरुवात करावी लागते. सरावाला ती आता डोंबिवलीच्या दुसऱ्या हॉलमध्ये जाते. शालनताईही तिथेच शिकवतात.

आज सकाळपासून माझ्या समोरून खुर्च्या आत चालल्यात. सान्वी नावाची बारा वर्षांची मुलगी राज्यात पहिली आलीय. रविवारी तिचा सत्कार आहे, नव्या मॅटवर.

तुम्हाला निमंत्रण असेल तर जरूर जा. पोरीने नाव काढलंय, टाळ्या वाजवा. फक्त बसण्याआधी खुर्चीखाली बघा. खाली हिरवं दिसलं तर बसू नका. कुणी कितीही आग्रह केला, तरी उभेच राहा.