त्या घरात कोणी नाही

कीर्तन ऐकून ऐकून माणसाला एक खोड लागते. समोर कोणीही कथा सांगायला लागलं की तो आधी मांडी घालून बसतो, मग विचारतो कशाबद्दल आहे. माझं तसंच झालं. नातीवर पहारा ठेवायला म्हणून मी खुर्ची ओढली, आणि दहा मिनिटांत खुर्ची सोडून तिच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसलो.

सृष्टी माझ्या मुलीची मुलगी, किनवटची. डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लाससाठी लातूरला आली आणि हॉस्टेल नको म्हणून माझ्याकडं राहिली. आमच्या गल्लीत आता घरं कमी आणि ‘मुलींसाठी खोल्या, अभ्यासिका, घरगुती मेस’ अशा पाट्या जास्त. दर रविवारी सकाळी तिची टेस्ट. टेस्ट झाली की दुपारी दोन तास ती लॅपटॉपवर एक गेम खेळायची. तिची आई भार्गवी फोनवर म्हणाली, “बाबा, बंदुकीचा काहीतरी खेळ आहे म्हणं. जरा बघा बरं, पोरगी काय करून राहिली ते.”

म्हणून बघायला बसलो.

मला वाटलं होतं, नुसती धडाधड असंल. ती होतीच. पण त्या धडाधडीच्या पोटात कथा होती. बर्फातलं एक शहर, लढाईनं मोडलेलं. एक शिपाई घरोघर जाऊन मागं राहिलेल्या माणसांना बाहेर काढतोय, आणि मधून मधून दुश्मन गोळ्या घालतायत. नवल म्हणजे तो शिपाई काही दिसत नव्हता. दिसायचे ते फक्त त्याचे दोन हात, आणि हातात बंदूक.

“अगं, हा आहे कुठं?” मी विचारलं.

“हा म्हणजे मीच, आजोबा. त्याच्या डोळ्यांनी बघायचं.”

“आणि तोंड?”

“तोंड कशाला पाहिजे?”

बुवा आख्यान लावतात तेव्हा आपण बाहेर बसून रडतो. इथं आत शिरावं लागत होतं. दाराच्या चौकटी अंगावर येत होत्या, बर्फावर पावलं कुरकुरत होती, आणि दमलेल्या माणसाचा श्वास आपल्याच कानाशी वाजत होता. मला ते बरं वाटेना, पण उठवेनाही. गोळी लागून कोणी पडला की माझ्या तोंडून आपोआप ‘रामकृष्णहरी’ निघायचं.

“आजोबा, प्रत्येकाला रामकृष्णहरी म्हणू नका ना! मागून कोण येऊन राहिलं ते ऐकू येत नाही मला.”

“मग त्याचं कोणी म्हणायचं?”

“तो दुश्मन आहे.”

“मेल्यावर पण?”

तिनं माझ्याकडं बघितलं, हसली, आणि तेवढ्यात तिलाच गोळी लागली. “घ्या! मारलं मला तुम्ही,” म्हणाली.

मग ती गल्ली आली. दोन्हीकडची घरं बसलेली. शिपाई एकेका दाराशी जायचा, आत बघायचा आणि दारावर खडूनं फुली मारायचा. फुली म्हणजे हे घर बघून झालं. गल्लीच्या शेवटी एका पायरीवर एक म्हातारा बसलेला होता. डोक्याला कानटोपी, हात गुडघ्यांवर. त्याच्यामागचं दार बंद. तो काहीतरी बोलला. खाली इंग्रजी अक्षरं उमटली.

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय, या घरात कोणी नाही. पुढं जा.”

सृष्टीनं दारावर फुली मारली आणि पुढं निघाली.

“थांब,” मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असणार, कारण ती दचकली. “आत बघ.”

“तो सांगतोय ना, कोणी नाही.”

“त्याला काय माहिती? मागं फीर!”

“आता नाही जाता येत. बघा, फाटक बंद झालं. गेम सेव्ह झाली.” मग माझ्या तोंडाकडं बघत हळूच म्हणाली, “पाणी आणू का आजोबा?”

तिला वाटलं बीपी. मी तसंच वाटू दिलं.

त्र्याण्णवला मी तेरणेकाठच्या एका गावात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. भूकंप झाला त्या पहाटे मी शाळेच्या पत्र्याखाली झोपलो होतो म्हणून वाचलो. बायको लहानग्या भार्गवीला घेऊन चाकूरला माहेरी होती. बाकी गाव दगडमातीच्या भिंतींचं आणि वर हात हात जाडीच्या मातीच्या माळवदाचं. ते सगळं झोपलेल्यांच्या अंगावर बसलं. वरून पाऊस. गल्ल्या कुठं होत्या हेसुद्धा कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जवान आले तेव्हा त्यांना गाव माहीत असलेला माणूस पाहिजे होता. तो मी. हजेरीपट ढिगाऱ्यात गेला होता, पण मला गाव पाठ होतं. कोण कुठं झोपतं, कोणाची म्हातारी कोणत्या कोपऱ्यात, सगळं. मी बोट दाखवायचो, ते खणायचे. सात माणसं जिवंत निघाली माझ्या बोटावर. त्यातले तिघं अजून भेटले की पाया पडतात.

दयानंदच्या घरापाशी आलो तेव्हा दुपार होती. दयानंद आमच्या गावचा पखवाजी. पंचक्रोशीत कुठंही सप्ता असो, दयानंदला बोलावणं असायचं आणि त्याच्या तारखा मी ठेवायचो. भोकरच्या सप्त्याचं पत्र मीच लिहिलं होतं. गणपती विसर्जनाच्या दिवशी, म्हणजे भूकंपाच्या आदल्या दुपारी तो, त्याची बायको विमल आणि चार वर्षांचा अवधूत, तिघांनाही मी स्वतः एसटीत बसवलं होतं. पखवाज वरती टपावर नको म्हणून त्यानं मांडीवर घेतला होता.

जवानानं विचारलं, “मास्टरजी, इसमें?”

“इसमें कोई नहीं,” मी म्हणालो. “सब बाहर गए हैं.”

त्यानं तरी सगळ्यांना हातानं गप्प केलं. कान लावायची त्यांची पद्धत होती. आणि त्या शांततेत मला ढिगाऱ्याच्या आतून ‘थप्’ असं ऐकू आलं. थोड्या वेळानं पुन्हा एकदा. माझ्या मनात आलं, पखवाज तर भोकरला गेलाय, मग वाजेल कुठून? पत्र्यावरून पाणी ठिबकत असंल. मी पुढच्या घराकडं बोट दाखवलं. तो जवान पोरगा माझ्या बोटामागं निघाला.

पाचव्या दिवशी शेषेराव जीपवाला भेटला. म्हणाला, “गुरुजी, लातुरात मिरवणुकांनी रस्ते बंद होते. भोकरची गाडी चुकली त्यांची. रात्री अकराला मीच तर दयानंदाला घरी सोडलं.”

तिघंही सापडले. पखवाज दयानंदच्या जवळच होता. डाव्या तोंडावरची कातड्याची पुडी फाटलेली, उजवी शाबूत.

जवान परत गेला होता. माझं उत्तर दुसऱ्या कोणीच ऐकलं नव्हतं.

दयानंदची बहीण सिंधु तेव्हा नांदेडला डीएड करत होती. मीच तिला सांगितलं, झोपेतच गेले बाई, कळलंसुद्धा नाही त्यांना. तिनं ते धरून ठेवलं. पुढच्या राखीला ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, आता मी कोणाला बांधू? तोवर मला ‘गुरुजी’ म्हणायची, त्या दिवशी ‘अण्णा’ म्हणाली. तेव्हापासून एक राखीपौर्णिमा चुकली नाही, आणि दयानंदच्या तिथीचं आमच्या गल्लीतल्या मंदिरातलं कीर्तनही चुकलं नाही. त्याचा पखवाज नव्यानं मढवून माझ्याकडं ठेवलेला. कीर्तनाआधी, आवाज जड घुमावा म्हणून डाव्या पुडीला लावायची कणीक मीच भिजवायचो. दरवर्षी कणीक मळताना वाटायचं, आज सांगावं. दरवर्षी ती समोर येऊन म्हणायची, “अण्णा, चहा घेतला का?” आणि मी चहा घ्यायचो.

त्या रविवारनंतर आठवडाभर तो कानटोपीवाला म्हातारा माझ्या घरात वावरत होता. देवघरापाशी, गच्चीच्या जिन्यावर, जिथं पायरी तिथं. हरिपाठ म्हणताना ओळ विसरायचो. एकदा नळाचं पाणी बादलीत ठिबकत होतं तर मी उठून नळ बंद करायच्या ऐवजी कानांवर हात ठेवून बसलो. सृष्टी दारात उभी राहून बघत होती.

“आजोबा, मी तो भाग पुन्हा खेळते,” ती म्हणाली. “पहिल्यापासून. तुम्हाला ते दार उघडून दाखवते.”

पुढच्या रविवारी सिंधु आली. सोमवारी पौर्णिमा, दयानंदची तिथी. आता ती शाळेतून रिटायर व्हायला आलेली, केस पांढरे. वेण्या घालून नांदेडहून आलेली पोरगी मात्र तिच्या चेहऱ्यात अजून सापडते. ती आली ती पिशवीतल्या शेंगा सोलत सतरंजीवरच बसली.

“हे काय चाललंय तुमचं आजा-नातीचं?”

“आत्याआजी, आजोबा गेम खेळून राहिले!”

“अण्णा? कीर्तन सोडून?”

“हे पण कीर्तनच आहे म्हणतात ते. फक्त बुवाच्या हातात बंदूक.”

सिंधु खळखळून हसली. मी काही हसू शकलो नाही.

गल्ली आली तेव्हा सृष्टीनं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. “आता गोळीबार नाही. तुम्हीच चाला. हे बटण दाबलं की पुढं.” मी बटण दाबलं आणि ते दोन हात माझ्यापुढं चालू लागले. बटण धड दाबता येत नव्हतं, तसं समोरचं सगळं डुगडुगत होतं. बसलेली घरं, खडूच्या फुल्या. शेवटी पायरी आणि म्हातारा.

तो म्हणाला, या घरात कोणी नाही. पुढं जा.

मी दाराशी गेलो. सृष्टीनं सांगितलेलं बटण दाबलं. फुली उमटली. दार उघडलं नाही. पुन्हा दाबलं. सृष्टीनं दोन-तीन बटणं दाबून बघितली, मग मोबाईलवर काहीतरी शोधलं.

“आजोबा,” ती जरा ओशाळून म्हणाली, “आत काही बनवलेलंच नाही म्हणे त्यांनी. नुसतं दार आहे. मागं काहीच नाही.”

मी तिथंच उभा राहिलो. दाराला तोंड करून, बर्फात. पुढं जायचं बटण माझ्यानं दाबवेना. दोन मिनिटं झाली असतील. म्हातारा पुन्हा बोलला. तेच. मग थोड्या वेळानं अजून एकदा.

“अगं बाई!” सृष्टी पुढं सरकली. “हे मला माहितीच नव्हतं. थांबलं तर तो अजून बोलतो. म्हणतोय... तू जा, बाबा. मी इथंच बसतो.”

सिंधुनं शेंगांतून मान वर केली. पडद्याकडं बघत राहिली.

“खोटं बोलून राहिला तो म्हातारा,” ती सहज म्हणाली. “घरात कोणी नसतं तर उठून गेला नसता का तो? रिकाम्या घराची राखण कोण करतं?”

“खोटं न्हाई बोलला तो, सिंधु,” मी म्हणालो. “त्याला खरंच वाटलं होतं, कोणी न्हाई म्हणून.”

“तुम्हाला काय माहिती अण्णा?”

मी पडद्याकडंच बघत सगळं सांगितलं. एसटी, जवान, माझं बोट, शेषेराव जीपवाला. सृष्टीला पहिल्यांदाच कळत होतं. मधे एकदा लॅपटॉपचा पडदा आपोआप काळा झाला, आणि त्यात आम्हा तिघांची तोंडं दिसली.

सिंधुच्या हातात अर्धी सोललेली शेंग होती. ती तिनं पुरी सोलली, दाणे वाटीत टाकले.

“आवाज आला होता का?” तिनं विचारलं.

हा प्रश्न एवढ्या वर्षांत मला कोणी विचारला नव्हता. आणि तो आवाज सोडूनच मी सगळं सांगितलं होतं. तिनं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

“हाव,” मी म्हणालो. “दोनदा. पाणी ठिबकतंय असं वाटलं मला.”

ती उठली. शेंगांची टरफलं पदरात गोळा केली, मोरीत नेऊन टाकली, आणि तिथंच थांबली. सृष्टी माझा हात धरून बसून होती.

दुसऱ्या दिवशी कीर्तन झालं. बुवा चांगले होते, पण मला एक शब्द आठवत नाही. सिंधु बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसली होती. पखवाजवाल्यानं पहिली थाप दिली तेव्हा तिनं डोळे मिटले, ते आरतीपर्यंत उघडले नाहीत. दरवर्षी बुक्का ती लावते. यंदाही लावला, ओळीनं सगळ्यांना. माझ्यापाशी आली, माझ्याही कपाळाला लावला, आणि पुढं गेली. चहाचं काही बोलली नाही.

सकाळी निघताना म्हणाली, “पखवाज मी घेऊन जाते.”

मी तो जुन्या शालीत गुंडाळला आणि स्टँडवर नेऊन नांदेडच्या गाडीत तिच्या मांडीवर ठेवला. क्लासची पोरं-पोरी पाठीवर ओझी घेऊन गाडीभोवती धावत होती. कंडक्टरनं घंटी मारली तरी मी आतच उभा. वाटत होतं, तिनं काहीतरी बोलावं, शिव्या दिल्या तरी चालतील.

“पुढल्या वर्षी तिथी नांदेडलाच करीन,” ती म्हणाली. “कणीक मी भिजवीन आता.”

“बरं.”

“उतरा, गुरुजी. गाडी निघाली.”

मी उतरलो. स्टँडच्या तोंडाशी खड्डा आहे, तिथं गाडी आपटली. तेवढ्यात खिडकीतून दिसलं. पखवाज वाजू नये म्हणून तिनं शालीवरून त्याच्या डाव्या पुडीवर तळहात ठेवला होता.