झोपवू का?

“‘तुम्ही माझ्या मांजरीला मला न सांगता मारलंत.’ लिही. हे पहिलं वाक्य.”

लेकीची बोटं कीबोर्डवर थबकली.

“आई, अर्ज असा सुरू होत नाही. आधी ‘प्रति’, मग विषय, मग महोदय.”

“महोदय गेले उडत. तू लिही.”

लेकीने लिहिलं. ती रोज कचेरीच्या दारात बसून परक्यांची गाऱ्हाणी टाईप करायची. माणूस ‘मला लुबाडलं हो’ म्हणून बोंबलत यायचा आणि तिच्या हातून ‘अर्जदाराची गैरसोय झाली’ असा कागद होऊन बाहेर पडायचा. म्हणून आईने आधीच बजावलं होतं, माझ्या शब्दांना इस्त्री करायची नाही.

पलीकडच्या खोलीत चटयांवर अकरा मुलं पसरली होती. पाळणाघराची दुपार. सत्तावीस वर्षं आईने लोकांची पोरं भरवली, थोपटली, झोपवली. मुलं तिला थोरली मावशी म्हणायची आणि मांजरीला धाकटी. मांजर वाघाची मावशी असते, मग आमची का नाही, असा एका आगाऊ पोरीने कधीकाळी निकाल दिला होता. धाकटीने तो पंधरा वर्षं निभावला. जे पोर सगळ्यांत जास्त भोकाड पसरायचं, नेमकं त्याच्याच पायाशी जाऊन ती मुटकुळं करायची. पोर चिडीचूप.

गेले चार दिवस मात्र दुपार झाली की आईच्या तोंडून ‘चला, झोपा’ निघत नव्हतं. ‘आडवे व्हा’ म्हणायची. मुलं हसायची. मावशी, आडवे म्हणजे कसे?

“पुढे?” लेक म्हणाली.

“‘तिच्या पोटात गाठ होती. आठवडाभर डोळ्याला डोळा नव्हता तिच्या. तुमच्या दवाखान्यात आणली. तुमचा डॉक्टर म्हणाला, आजी, त्रास फार आहे, झोपवू का तिला? मी म्हणाले, झोपवा हो बिचारीला, जरा विश्रांती मिळेल. आणि बाहेर बाकावर येऊन बसले.’”

एवढं बोलून आई थांबली. पदराच्या टोकाला तिने उगाच पीळ घातला.

“लिहू का पुढचं?”

“‘तासाभराने तुमच्या माणसाने खोकं आणून दिलं. मी विचारलं, उठेल कधी? तो आधी हसला. मग माझं तोंड बघून त्याचं हसू विझलं.’ लिहिलंस?”

“लिहिलं.”

“‘माझा जन्म झोपवण्यात गेला. मी झोपवलेलं एकूण एक पोर संध्याकाळी उठून आपल्या घरी गेलंय. मरणाला मरण म्हणायची छाती नव्हती, तर सुई कशाला धरलीत हातात? मी तिच्या अंगावरून हातसुद्धा फिरवला नाही. म्हटलं, उठली की फिरवीन.’”

कीबोर्डचा आवाज मध्येच तुटला, परत सुरू झाला.

“संमतीपत्रावर सही घेतली, हेही यायला हवं,” लेक सवयीने बोलून गेली. आणि ओठ चावला.

“कसलं संमतीपत्र?”

“असतो त्यांचा एक कागद.”

“मी सही केली तो?”

लेकीने उगाच मागच्या ओळीतलं एक अक्षर खोडून परत टाईप केलं.

“तो तर तू पुढे केलास. मी पिशवीतून चष्मा काढायला लागले, तर म्हणालीस, राहू दे, मी वाचलंय.”

पलीकडे एक पोर कुशीवर वळलं. आईची मान सवयीने तिकडे गेली आणि परत आली.

“वाचला होतास?”

“हो.”

“आणि त्याने झोपवू का विचारलं, तेव्हा तुला अर्थ ठाऊक होता?”

“तू कधीच हो म्हणाली नसतीस, आई.” लेक स्क्रीनकडेच बघत होती. “चमच्याने पाणी पाजत बसली असतीस अजून आठ दिवस. ती ओरडत होती गं. मला नव्हतं बघवत.”

“नसते म्हणाले. बसले असते तशीच.” आईने आवाज चढवला नाही, अकरा जण झोपले होते. “ते एक वेळ सोड. तू आत होतीस ना तिच्याजवळ?”

“होते.”

“दार बंद नव्हतं, नुसतं लोटलेलं होतं. मी पाच पावलांवर. सुईत औषध भरायला काही तर वेळ लागला असेल.”

लेकीचा हात कीबोर्डवरून खाली मांडीवर आला. आईने तिची खुर्ची धरून आपल्याकडे वळवली.

“‘आई, ये’. दोन शब्द. का नाही बोलावलंस मला? सांग.”