शेवंतीचा सत्कार

शेवंती म्हशीची कास दगडासारखी टणक झाली होती, आणि डॉक्टर वीरधवल म्हणत होता, "मावशी, मला काय माहीत?"

साळूबाईचं डोकंच फिरलं. "आवं, सुई तुमी टोचली, आन् आत काय हुतं ते तुमालाच ठावं न्हाई?"

वीरधवल कंपनीचा डॉक्टर. कासेच्या दगडी रोगावर कंपनीनं नवं औषध काढलं होतं आणि कडेगावच्या म्हशींवर त्याची चाचणी चालली होती. निम्म्या म्हशींना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं, ते फक्त पुण्यातल्या कॉम्प्युटरला माहीत.

"मग त्या कॉम्पुटरला बोलवा. धार काढू दे त्याला."

"आजार वाढला तर नेहमीचं औषध देता येतं, मावशी. बॅगेत आहे माझ्या. पण मोठ्या साहेबांचा होकार लागतो, आणि साहेब सकाळपासनं फोन उचलंनात. सांगलीत सत्कार चाललाय."

"कुणाचा?"

वीरधवलनं मान खाली घातली. "चाचणीतल्या पशुपालकांचा. म्हणजे… तुमचाच."

साळूबाईचा नवरा जोतीराम फौजेतनं सुभेदार होऊन परतलेला. "वरनं ऑर्डर येऊस्तवर थांबाय लागंल," तो म्हणाला. साळूबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. ती ऑर्डर समजून तो टेम्पो आणायला गेला. शेवंतीपाठोपाठ वीरधवललाही तिनं बॅगेसकट मागं चढवलं.

सांगलीच्या हॉलच्या दारात एक मुलगी उभी होती. येईल त्याला कुंकू लावायचं आणि गुलाबपाणी शिंपडायचं, एवढंच तिला सांगितलेलं. तिनं शेवंतीलाही लावलं आणि शिंपडलं.

व्यासपीठावर साहेब बोलत होते, "या चाचणीत एकाही जनावराला त्रास झालेला नाही."

तेवढ्यात त्यांच्यासमोर म्हैस येऊन उभी राहिली. निवेदकानं घाईघाईनं तिच्या पाठीवर शाल टाकली. शेवंतीनं त्याच्या हातातला हार खाल्ला.

साळूबाईनं टेबलावरचा चषक उचलला, खाली बसली आणि सुजलेला सड पिळला. पिवळं पाणी, गुठळ्या, रक्त. तिनं चषक साहेबांपुढं धरला.

"घ्या. पयलं तीर्थ तुमाला."

"बाई, हे प्रक्रियेत बसत नाही…"

"माझी म्हस तीन रातीत खाली बसली न्हाई, ती तुमच्या प्रक्रियेत कशाला बसंल? व्हय म्हना, न्हाईतर प्या!"

साहेबांनी चषकाकडं बघितलं आणि होकारार्थी मान हलवली. वीरधवलनं तिथंच सुई टोचली. कार्यक्रमाचाच भाग आहे असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तीन सड वाचले. चौथा कायमचा सुकला. "सकाळीच सुई दिली असती तर…" एवढंच वीरधवल म्हणाला.

नव्या वर्षाला कंपनीचं कॅलेंडर आलं. वर शाल पांघरलेली शेवंती, खाली छापलेलं, ‘आमचे समाधानी लाभार्थी’. शेजारी हसणारे साहेब.

साळूबाईनं ते गोठ्यात टांगलं. शेवंतीच्या मागं, शेपटीच्या उंचीवर, शेण बरोबर उडतं तिथं.