न थांबणारं यान

माझे सासरे स्तामेन यांनी चौतीस वर्षं रोडोपीच्या डोंगरांत टेलिव्हिजनचे मनोरे सांभाळले, पण संगणकाला कधी हात लावला नव्हता. त्या रविवारी ते आमच्याकडे स्मोल्यानला जेवायला आले, तेव्हा मी पडद्यासमोर डोकं धरून बसले होते.

"काय गं झोर्नित्सा, कुणी गेलं की काय?"

"यान गेलं, ताते." सासऱ्यांना आम्ही ताते, म्हणजे बाबा, म्हणतो.

अवकाशमोहिमांचा हा खेळ मी दोन वर्षं खेळतेय. यानं आपणच बांधायची, आपणच सोडायची. माझं 'ल्यास्तोवित्सा', म्हणजे पाकोळी, मंगळाकडे निघालं होतं. वजन वाचवायला मी त्याच्यावर लहानशी अँटेना बसवली आणि तिथेच फसले. अर्ध्या वाटेत संपर्क तुटला. मंगळापाशी इंजिन पेटवून वेग कमी केला नाही, तर यान सरळ पुढे निघून जाणार होतं. आणि संपर्कच नसेल तर इंजिन पेटवायचा हुकूम पोचणार कसा?

"मागचा खेळ परत उघड, मोठी अँटेना लाव, विषय संपला," माझा नवरा कामेन स्वयंपाकघरातून म्हणाला.

"मनोरा बर्फात कोसळला की आम्हाला कालचा दिवस परत उघडता येत होता का रे?" ताते म्हणाले आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "मला नीट सांग."

मी सांगितलं. मोठी अँटेना असलेलं दुसरं यान मागून पाठवायचं; ते ल्यास्तोवित्साचा क्षीण आवाज जवळून ऐकेल आणि पृथ्वीकडे पोचवेल. पण ते वेळेत पोचायचं तर जोरात जायला हवं. जोरात गेलं की मंगळापाशी थांबायला इंधन हवं. तेवढं इंधन भरलं की ते जमिनीवरून उठतच नाही. तीनदा जागेवरच फुटलं होतं.

तातेंनी पतातनिकचा तुकडा तोंडात टाकला. बटाट्याच्या त्या पोळीचं तूप बोटांना लागलं होतं, ते पुसून त्यांनी खिशातली पेन्सिल काढली.

"त्याने थांबायचं कशाला?"

"नाही थांबलं तर निघून जाईल ना!"

"जाऊ दे की. तुझ्या पाकोळीचं इंजिन किती वेळ पेटणार?"

"चार मिनिटं."

"मग चार मिनिटं ते आसपास असलं म्हणजे झालं. पोस्टमन काय आपल्या घरी मुक्कामाला येतो?"

दोन आठवडे मी इंधनाची गणितं मांडत होते आणि हा माणूस पाच मिनिटांत इंधनाची गरजच काढून मोकळा झाला होता.

"आणि इंजिन पेटणार कुठे?" त्यांनी विचारलं.

"ग्रहाच्या मागे. पृथ्वीवरून दिसत नाही तिथे."

त्यांनी कागदावर एक गोल काढला. "मग दुसरं यान त्याच बाजूने ने, पण लांबून. इतकं लांबून की त्याला पाकोळीही दिसेल आणि घरही. मुग्लाच्या दरीत चित्र येत नव्हतं, तेव्हा साहेब लोक म्हणायचे, मनोरा उंच करा. मी समोरच्या कड्यावर चित्र पुढे पाठवणारी एक पेटी बसवली. त्या संध्याकाळी अख्ख्या गावाने फुटबॉल बघितला."

थांबायचं इंधन काढून टाकल्यावर यान पहिल्याच प्रयत्नात उठलं. खेळातला काळ मी भराभर पुढे नेला. कामेनही हात पुसत येऊन उभा राहिला. मंगळ मोठा होत गेला आणि एकाएकी पडद्यावर पृथ्वीपासून नव्या यानापर्यंत आणि तिथून ल्यास्तोवित्सापर्यंत हिरवी रेघ उमटली.

"पेटव!" ताते ओरडले.

मी इंजिन पेटवलं. चार मिनिटं ते पेटत राहिलं. यानाची वाट हळूहळू वळली आणि मंगळाभोवती तिचं कडं पूर्ण झालं. त्यानंतर जेमतेम मिनिटभराने रेघ पुसली गेली. दुसरं यान सूर्यमालेत दूर निघून गेलं.

"पाकोळी परत मुकी झाली, ताते," कामेन म्हणाला.

"मुकी असेल, हरवलेली नाही. आता तिसरं सावकाश पाठवा, चांगलं थांबणारं." त्यांनी ताटली माझ्यापुढे केली. "सूनबाई, पतातनिक अजून आहे का?"

मी उठले. ताटलीत सगळ्यात खरपूस तुकडा वाढला, वर दही घातलं. लग्न झाल्यापासून ज्या माणसाला मी फक्त 'टीव्हीवाले स्तामेन' म्हणून ओळखत आले, तो खुर्ची पुढे ओढून पडद्यावरच्या गुरू ग्रहाकडे बोट दाखवत होता.

"आणि हा किती लांब आहे गं?"