पी-सतरा नंबरची पोर्श

बुद्धभूषण मर्चंडेची कंबर धरली आणि त्या कंबरेपायी गाडी विकायची वेळ आली. परळच्या हाडांच्या डॉक्टरने एमआरआयची फिल्म उजेडात धरली, मणक्यातली सरकलेली चकती दाखवली आणि सहज विचारलं, "गाडी कुठली चालवता?"

"पोर्श. केमन."

डॉक्टरने फिल्म खाली घेतली आणि पेशंटकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "ती दोन सीटवाली? जमिनीला टेकलेली? सोडा ती. नाहीतर एक दिवस तुम्हाला तिच्यातून चार माणसं बाहेर काढतील."

बुद्धभूषणला हे पटत होतं, म्हणून तर त्रास जास्त होता. गेले चार महिने गाडीत बसताना तो अठ्ठेचाळीस वर्षांचा असायचा आणि उतरताना ऐंशीचा. आधी उजवा पाय बाहेर, मग दाराला धरून एक हुंकार, मग दोन मिनिटं खांबाला टेकून उभं राहायचं. पण सहा वर्षं पोटच्या पोरासारखी सांभाळलेली गाडी होती. लालबागच्या चाळीत जन्मलेला, आयटीआय करून लिफ्टच्या कामाला लागलेला हा माणूस वीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींच्या लिफ्टखालच्या खड्ड्यांत ग्रीसने माखून उतरला. मग त्याने स्वतःची कंपनी काढली. आज चाळीस इमारतींच्या लिफ्ट त्याची माणसं बघत होती. गाडी घेतली तीही दुसऱ्या हाताचीच, पण घेतली. पहिल्या दिवशी आई बकुळाला शेजारी बसवून तो दादरला चैत्यभूमीवर जाऊन आला. येताना आई म्हणाली, "एवढे पैसे घालवून खालीच बसायचं होतं, तर चटई काय वाईट होती रे?"

घरात निर्णय झाला. बायको दीपिकाने एका रविवारी सकाळी माझगावला गोदीच्या दगडी भिंतीलगत गाडी उभी करून फोटो काढले आणि जाहिरात टाकली. सगळ्या सर्व्हिसची बिलं हजर, अपघात नाही, किंमत बेचाळीस लाख, दलालांनी फोन करू नये. नाव दिलं नाही, फक्त नंबर दिला.

सहाव्या दिवशी फोन आला. गाडी लालबागला आहे म्हटल्यावर समोरचा माणूस हसला. "अरे वा, मी पण लालबागलाच राहतो. कुठे?"

बुद्धभूषणने पत्ता सांगितला. "म्हणजे आमच्याच पार्किंगमध्ये?"

'आमच्याच' हा शब्द बुद्धभूषणच्या कानाला खटकला. चाळ पाडून त्या जागेवर दोन इमारती उभ्या राहिल्या होत्या. जुन्या भाडेकरूंची बावीस मजली, जिला टॉवरवाले 'रिहॅब' म्हणत, आणि विकत घेणाऱ्यांचा छप्पन मजली टॉवर. गेट वेगळं, लिफ्ट वेगळ्या, फक्त पार्किंगचे मजले एक. पुनर्वसनवाल्यांपैकी ज्या सहा-सात जणांना तिथे जागा होत्या, त्या टॉवरवाल्यांच्या डोळ्यांत सलत. बुद्धभूषणने पी-सतरा नंबरची जागा बिल्डरशी रीतसर करार करून घेतली होती. तरी दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी त्याच्या गाडीच्या कव्हरवर कागद चिकटवून गेलं होतं: 'सेवकवर्ग व कंत्राटदारांनी वाहने बाहेर लावावीत.' खाली टॉवर कमिटीच्या खजिनदाराची सही. हितेंद्र नावाची.

आणि फोनवरच्या माणसाने आता नाव सांगितलं ते हितेंद्र.

संध्याकाळी तो आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा. बुद्धभूषण जुन्या टी-शर्टवर फडका घेऊन बोनेट पुसत होता. कव्हर बाजूला घडी करून ठेवलं होतं. हितेंद्र गाडीभोवती फिरला. वाकून चाकं बघितली, आत डोकावला, स्टीअरिंगवर हात फिरवला. माणूस शौकीन होता, हे बुद्धभूषणला मान्य करावं लागलं. गाडीकडे बघताना त्याचा चेहरा अगदी लहान मुलासारखा झाला होता.

"काय ठेवलीय रे! शाब्बास. मालकांना बोलव आता."

"बोला ना."

"मालकांशी बोलायचंय."

"तेच म्हणतोय. बोला."

हितेंद्रला कळायला दोन सेकंद लागले. मग तो हसला, सॉरी म्हणाला, 'रे'चं 'अहो' झालं. इंजिन सुरू केलं, आवाज ऐकला, फाइल मागितली. वरच आरसी बुक होतं.

"बुद्धभूषण मर्चंडे," त्याने सावकाश वाचलं. "अच्छा."

हा 'अच्छा' बुद्धभूषणने शाळेत ऐकला होता, पहिल्या नोकरीत ऐकला होता, बँकेत कर्ज मागताना ऐकला होता. त्यात शिवी नसते, म्हणून त्याला उत्तरही देता येत नाही.

हितेंद्रने नजर वर करून खांबावरचा नंबर वाचला. पी-सतरा. आता त्याला सगळा हिशेब लागला. त्याने फाइल मिटली.

"हे बघा मर्चंडे, शेजारी म्हणून सांगतो. छत्तीस देतो, उद्याच्या उद्या."

"बेचाळीस लिहिलंय."

"लिहिलंय हो. पण पंधरा तारखेला मीटिंग आहे. रिहॅबच्या गाड्या खाली काढायचा ठराव येतोय. मीच मांडणार आहे. मग ही गाडी तुम्ही कुठे लावणार, रस्त्यावर? एका आठवड्यात कुणीतरी खिळ्याने ओरखडा काढेल. मग तीससुद्धा नाही यायचे. त्यापेक्षा आज मोकळे व्हा."

बुद्धभूषणच्या कंबरेतून कळ गेली. वाकून वाकून गेली की संतापाने, ते त्याला कळलं नाही. त्याने हात पुढे केला, फाइल परत घेतली.

"गाडी विकायचीय मला. भीती नाही विकत घ्यायची."

"अहो, मी तुमच्या भल्याचं—"

"ठराव मांडा तुम्ही. मी येतो मीटिंगला. आणि छत्तीसमध्ये चांगली गाडी मिळेल तुम्हाला. ही नाही मिळायची."

हितेंद्र गेला. बुद्धभूषण कव्हर उचलायला वाकला आणि अर्ध्यात थांबला. सहा वर्षं तो ही गाडी झाकत आला होता. धुळीपासून, असं सगळ्यांना सांगायचा. स्वतःलाही सांगायचा. त्याने कव्हर पायाने कोपऱ्यात सारलं आणि ते तिथेच टाकून वर गेला.

दुसऱ्या दिवसापासून पी-सतरामध्ये ती लाल गाडी उघडी उभी राहिली. टॉवरची पोरं येता-जाता थांबून फोटो काढू लागली. वॉचमन दत्ताराम मालवणी होता, त्याने न सांगता तिच्याकडे खुर्ची सरकवून घेतली. "कोण हात लावता बघतंय मी," म्हणाला.

पुढच्या शनिवारी सकाळी एक बाई आल्या. फोनवर नुसतं 'पद्मजा गाडगीळ, माटुंगा' एवढंच सांगितलं होतं. साठी उलटलेली, पांढरे आखूड केस, सुती कुर्ता, खांद्याला कापडी पिशवी. बुद्धभूषण त्यांच्या मागे बघत राहिला.

"मॅडम, मिस्टर पार्किंग शोधतायत का? की मुलगा येणारे?"

"का? ही गाडी दोघांनी मिळून चालवायची असते का?"

"नाही, म्हणजे... बघायला कोण..."

"मी." बाईंनी पिशवीतून बॅटरी आणि लहान आरसा काढला. "आणि इंजिन गरम करून ठेवलं असेल तर मी उद्या येते. मला थंड इंजिन सुरू होताना ऐकायचंय."

बुद्धभूषणचे कान तापले. आठ दिवसांपूर्वी याच जागी उभं राहून एका माणसाने त्याला मालक बोलवायला सांगितलं होतं, आणि आठ दिवस तो ते दीपिकाला, आईला, ऑफिसातल्या पोरांना रंगवून सांगत होता.

"माझं चुकलं मॅडम," तो म्हणाला. "खरंच चुकलं. गाडी रात्रीपासून बंद आहे. या."

बाईंनी आरसा खाली घालून तळ बघितला. टायरवरची तारीख वाचली. ब्रेकची डिस्क बोटाने चाचपली. फाइलमधलं एक बिल काढून विचारलं, "दोन हजार बावीसला वॉटर पंप का बदललात?" त्याने कारण सांगितलं. त्या मान हलवत ऐकत होत्या.

मग त्या चालवायला बसल्या. पहिल्या स्पीडब्रेकरला बुद्धभूषण काही बोलायच्या आतच त्यांनी गाडी तिरकी घेतली आणि नाक न घासता अलगद पार केली. फ्रीवेवर चढल्यावर त्यांनी पाय जरा दाबला. गाडीचा आवाज पाठीमागून उसळून आला आणि बाई मोठ्याने हसल्या. डावीकडे गोदीच्या क्रेन मागे पडत होत्या. त्या आपणहून बोलू लागल्या. विमा कंपनीत सदतीस वर्षं काढली. लग्न केलं नाही. सुट्टी मिळाली की एकटीने गाडी काढून घाट उतरायचा, तोच एक शौक. गिरगावातली जुनी खोली पुनर्विकासात गेली, मिळालेलं मोठं घर विकून त्यांनी माटुंग्यात लहान घेतलं, आणि उरलेल्या पैशांवर आता सगळ्या नातेवाइकांना सल्ले सुचत होते.

"भाचा म्हणतो, मावशी, फिक्स्डमध्ये टाक. म्हातारपणी उपयोगी पडतील. मी म्हटलं, नील, हे म्हातारपणच चाललंय. अजून कुठल्याची वाट बघू?"

"घरच्यांना सांगितलंय, ही गाडी घेताय म्हणून?"

"रजिस्ट्रेशन झालं की सांगेन. आधी सांगितलं तर विचारतात."

परत आल्यावर त्यांनी दोनच वाक्यांत भाव केला. साडेएकेचाळीस, आणि मागचे दोन टायर बदलावे लागतील ते त्या बघतील. बुद्धभूषणने होकार दिला.

त्याच दुपारी हितेंद्रचा फोन आला. कमिटीतल्या कुणीतरी त्याला बाईंबद्दल सांगितलं असावं.

"मर्चंडे, चव्वेचाळीस देतो. तुमच्या मागणीच्या वर दोन. मागचं विसरा."

"शब्द दिलाय मी."

"टोकन घेतलंय का? नाही ना? मग शब्दाला काय!"

दीपिका बाजूला उभी राहून सगळं ऐकत होती. त्याने फोन ठेवल्यावर म्हणाली, "अडीच लाख जास्त. घ्यायचे होते की, त्याच्या नाकावर टिच्चून."

"नाक त्याचं वर झालं असतं. सगळ्या टॉवरला सांगत फिरला असता, रिहॅबमधून ती गाडी मीच काढली म्हणून. आणि वर रोज माझ्याच डोळ्यांसमोर ती चालवली असती."

"बाई काय वेगळं करणार?"

"ती घाट उतरणार."

बकुळा आतून म्हणाली, "दिला शब्द तो दिला. आता त्याच्यावर बोलत चहा ढोसत बसू नका दिवसभर."

चौदा तारखेला पैसे जमा झाले, कागदांवर सह्या झाल्या. पद्मजाबाईंनी किल्ली घेतली, बुद्धभूषणशी घट्ट हात मिळवला आणि उगाच रेंगाळल्या नाहीत. गाडी उतारावरून खाली गेली, गेटला डावीकडे वळली. बुद्धभूषणला वाटलं होतं डोळ्यांत पाणी येईल. आलं नाही. तो जिन्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला, आणि मग उठताना कंबरेला हात लावून नेहमीसारखा कण्हला.

पंधराची मीटिंग टॉवरच्या क्लबहाउसमध्ये होती. पुनर्वसनातून सहसा कोणी जायचं नाही. या वेळी बुद्धभूषणने पार्किंगवाल्या बाकीच्या सहाही घरांत आदल्या दिवशी चक्कर मारली होती. चार जण आले. वरच्या मजल्यावरची प्रिती सकपाळ तर आपल्या कराराच्या झेरॉक्स काढून घेऊन आली. मऊ खुर्च्या होत्या, पण त्या खुर्च्यांत बुद्धभूषणचं निभणार नव्हतं. तो भिंतीपाशी उभा राहिला.

"बसा ना," अध्यक्ष म्हणाले.

"उभाच बरा."

हितेंद्रने विषय काढला, पण आवाजात आधीचा जोर नव्हता. "खरं तर मर्चंडेंनी गाडी विकलेली आहे, त्यामुळे पी-सतराचा प्रश्न आपोआप मिटलाय. बाकीच्यांनीही असाच समजूतदारपणा—"

"मिटलेला नाही," बुद्धभूषण म्हणाला. "गाडी माझ्या कंबरेने विकायला लावली. तुमच्या कागदाने नाही. जागा माझी आहे, हा करार, ही नोंदणी. ठराव करायचाय तर करा. मी कोर्टात जाईन आणि कोर्टातसुद्धा असाच उभा राहीन, कारण बसता येत नाही मला."

कुणीतरी हसलं. टॉवरमधल्याच एका वकीलबाईंनी प्रितीच्या झेरॉक्स मागून घेतल्या, वाचल्या, आणि अध्यक्षांच्या कानाशी लागल्या. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला. त्यालाही आता चार मीटिंगा झाल्या, ठराव अजून आलेला नाही.

त्या मीटिंगच्या दुसऱ्याच सकाळी, सोळा तारखेला, पी-सतरामध्ये कंपनीची व्हॅन येऊन लागली. दोन्ही बाजूंना हातभर मोठ्या अक्षरांत 'मर्चंडे एलिव्हेटर्स' रंगवलेलं, छतावर शिडी बांधलेली. ऑफिसला निघालेला हितेंद्र ती बघून थबकला.

"ही इथे?"

"इथेच," व्हॅनच्या उंच सीटवरून बुद्धभूषण म्हणाला. कंबरेला ही सीट बरी होती. समोरचं सगळं वरून दिसत होतं. त्याने हॉर्न वाजवला नाही, हितेंद्र बाजूला होईपर्यंत थांबला, आणि मग वडाळ्याच्या एका बंद पडलेल्या लिफ्टकडे निघाला.