ईसाने गाडीची मागची सीट काढली तो गुरुवार

जवळ सरका, बायांनो. बाप्यांनीही लांब भिंतीला टेकून बसू नका. ही गोष्ट आवाज चढवून सांगण्यातली नाही. हळू सांगेन, आणि सांगून झाली की तुमच्याकडे एक मागणं मागेन.

गाडीच्या दारात गुडघा टेकून ईसाने पाना दोन्ही हातांनी दाबला आणि मागच्या सीटच्या पाठीचा शेवटचा बोल्ट सैल केला. बसायचा भाग त्याने आधीच काढून अंगणातल्या बोरीला टेकवून ठेवला होता. आता पाठही सुटली. ती उचलून बाहेर काढताना तिचा पत्रा दाराच्या कडेला घासला, आणि ईसा तसाच, सीट पोटाशी धरून, थबकला. घराच्या दिशेने कान देऊन उभा राहिला.

आमच्या रूदान गावात दुपारी जेवण झालं की कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. पण तूबा, ईसाची बायको, जागी होती. दाराच्या पडद्याआडून ती बराच वेळ पाहत होती. पडदा सारून ती बाहेर आली, तेव्हा ईसाने सीट खाली ठेवली.

"धुवायला काढली," तो म्हणाला.

तिने काहीच विचारलं नव्हतं.

सीट धुवायची तर पाण्याची नळी लागते, साबण लागतो. यातलं काही अंगणात दिसत नव्हतं. शिवाय पट्ट्यांचे खटकेसुद्धा सोडवून डबीत टाकलेले होते, आणि सीट धुवायला पट्ट्यांचे खटके कोण सोडवतं? तूबाने ओढणी सारखी केली. "वाळेल लवकर. ऊन आहे," एवढं म्हणून ती चहाचं आधण ठेवायला आत गेली.

आमच्याकडे मागची सीट नसलेली गाडी रस्त्यावर दिसली की शेंबडं पोरही सांगतं, ही तेलाची गाडी. मागे चोरट्या डिझेलचे कॅन, कॅनवर कॅन, वर एक चटई. खाडीपर्यंत पोचवायचं, पुढे होड्या आणि समुद्रापलीकडची माणसं. जाताना दिवे लावायचे नाहीत, पोलिसांच्या नाक्याला वळसा घालून दगडगोट्यांतून गाडी हाणायची. सगळं निभावतं, फक्त एक ठिणगी उडायला नको. तूबाचा धाकटा भाऊ रहमत असाच गेला. ईसा मागच्या गाडीत होता, त्याने ते डोळ्यांनी पाहिलं. रहमतचं जे घरी आणलं ते एकट्या माणसाला उचलता येईल एवढंच होतं. त्या वर्षीच्या मोहरमात ईसाने सगळ्या वस्तीदेखत हजरत अब्बासच्या पंजावर हात ठेवला आणि म्हणाला, पुन्हा तेलाला शिवणार नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने सीट बसवली आणि मीनाबच्या रस्त्यावर प्रवासी वाहायला सुरुवात केली.

बरं चाललं होतं. मग मिनीबस सुरू झाली, आणि ईसाची गाडी थांब्यावर दिवस दिवस उभी राहू लागली.

तूबाच्या मनात पाल चुकचुकली ती काही आजच नव्हे. पंधरवड्यापूर्वी गाडी गॅरेजमधून आली ती शेपूट उचललेल्या कोंबडीसारखी. मागच्या चाकांवरच्या कमानी ओझ्यासाठी जाड घातल्याशिवाय रिकामी गाडी अशी उंच दिसत नाही. रस्त्यावरचे खड्डे, असं ईसाने सांगितलं. त्यानंतर फोन वाजला की तो भिंतीपलीकडे जाऊन बोलू लागला. जेवताना मीठ कमी आहे म्हणेना, जास्त आहे म्हणेना. आणि आज ही सीट.

एक सरळ वाट होती. त्याच्यापुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, घे अब्बासची शपथ, पुन्हा एकदा. पण आधणाकडे पाहत तूबा ती वाट मनातल्या मनात चालून आली आणि मागे फिरली. त्याने शपथ घेतली नाही, तर भांडण होईल आणि तो भांडणाच्या तिरीमिरीत निघून जाईल. घेतली, आणि खोटी घेतली, तर? नवरा जळून मेला तर विधवा व्हायचं. खोटी शपथ घेऊन मेला तर त्याच्यासाठी हात पसरून मागायचं तरी काय? चहाची पत्ती दुप्पट पडली.

त्यात दिवस महिन्याचा पहिला गुरुवार. ईसा विसरला होता, की बायका यायच्या आत आपण निघून जाऊ असं त्याला वाटलं होतं, खुदा जाणे. दर पहिल्या गुरुवारी, उन्हं कलली की तूबाच्या घरी रौझा असायचा. रौझा म्हणजे करबलाची कथा, अर्धी बोलून, अर्धी गाऊन. ती सांगायची मुल्ला कंबर यांनी. त्यांनी सूर लावला की रस्त्याने जाणारा लिंबांचा हातगाडीवाला गाडी थांबवून उभा राहायचा आणि गिऱ्हाईक ओरडलं तरी हलायचा नाही. पण मुल्ला मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्यांना बसता येईना. बसताच येत नाही तर गाडीतून कोण आणणार? दोन वर्षं ते वरच्या पाड्यात आढ्याकडे पाहत पडून होते. इकडे बायका फोनमध्ये साठवलेला त्यांचाच आवाज लावून रडायच्या. रडू यायचं, पण फोन मधेच वाजला की रडू गिळून आधी तो बंद करावा लागायचा.

पहिली आली ती शेजारची बीबी शरफ. तिच्या लाल टिपांच्या बुरख्याआडून फक्त डोळे दिसायचे, आणि तेवढे पुरे होते. तिने आधी बोरीखालची सीट पाहिली, मग पाठ, मग गाडीचं रिकामं पोट. मागून इतर बायका आल्या, त्यांनी बीबीचे डोळे पाहिले आणि मग तिकडेच पाहिलं.

"ईसा," बीबी शरफ म्हणाली, "सीट उन्हात घातलीस ती लोणच्याला का रे?"

कोणी हसलं नाही. पंजावरच्या शपथेला या सगळ्या हजर होत्या. ईसाच्या हातात पाना होता. तो पुसायला काही सापडेना म्हणून त्याने आपल्या सदऱ्यालाच पुसला. धुण्याची थाप इथे चालणार नाही हे त्यालाही कळत होतं. आता त्याने काहीही म्हटलं असतं, तरी उद्या सकाळी बेकरीच्या रांगेत ते तेलाचंच झालं असतं. आणि एकदा नाव तेलात बुडालं की मग माणूस म्हणतो, बुडालंच आहे तर जाऊच.

तूबा चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला.

"मुल्ला कंबरना आणायला निघालाय," ती म्हणाली. "बसता येत नाही ना त्यांना. मागे गादी घालून आडवं आणायचं. तुम्हाला आधी सांगायचं नाही असं ठरलं होतं आमचं."

एकीने सलवात, म्हणजे पैगंबरांसाठीची दुआ, म्हटली, सगळ्यांनी उचलली, आणि अंगणात झुंबड उडाली. बीबी शरफ आपल्या लग्नातली कापसाची गादी आणायला धावली. तिच्या वयाची बाई धावताना वस्तीने कधी पाहिली नव्हती. कोणी उशी आणली, कोणी गुलाबपाणी. गादी गाडीत अशी बसली, जणू मापानेच शिवली होती. बीबीने ईसाच्या खांद्यावर थाप मारली, आणि तुझ्याबद्दल मी काय काय मनात आणलं, माझ्या जिभेला कीड पडो, म्हणाली. ईसा उभ्या उभ्या सगळं ऐकत होता. एकदाच त्याने तूबाकडे पाहिलं. ती पेले मोजत होती, किंवा मोजल्यासारखं करत होती.

गाडी फाटकातून बाहेर पडली. धूळ खाली बसली आणि तूबाच्या लक्षात आलं, आपण केलं काय? भरदिवसा, चार जणींच्या दुआ घेऊन, नवऱ्याला आपणच वाट मोकळी करून दिली. वरच्या पाड्याचा रस्ता आणि खाडीचा रस्ता पुलापर्यंत एकच आहे. पुलावरून त्याने डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे बघायला तिथे कोण होतं? गादी मऊ असते. कॅन आदळू नयेत म्हणून गादीइतकं चांगलं काही नाही.

बायका बसल्या. चहा झाला, खजूर झाले. बीबी शरफ म्हणाली, जाऊन यायला एवढा वेळ लागत नाही. मग तीच म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला उचलायचं म्हणजे वेळ लागायचाच. तूबाने पुन्हा आधण ठेवलं, काही काम हवं म्हणून. तेवढ्यात फडताळावर ईसाचा फोन वाजला. तो तिथेच विसरला होता, की ठेवून गेला होता? तूबाने फोन उचलून स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"निघालास का?" पुरुषी आवाज म्हणाला. "माल तयार आहे. माणसं खोळंबलीत."

तूबाने डोळे मिटले. "ईसा घरी नाही," ती म्हणाली. "मुल्ला कंबरना रौझ्यासाठी आणायला गेलाय."



"मुल्ला कंबर?" आवाज म्हणाला. "आहेत अजून?" आणि जरा थांबून, "आमचाही सलाम सांगा त्यांना."

फोन बंद झाला. तो हातात धरून तूबा आधणापाशी उभी राहिली. म्हणजे पाल खोटी चुकचुकली नव्हती. प्रश्न आता एवढाच होता, की पुलावर काय झालं.

ऊन बोरीच्या शेंड्याला गेलं, तेव्हा गाडीचा आवाज आला. अगदी सावकाश, बैलगाडीच्या चालीने. फाटकात शिरायच्या आधीच आतून कुरकूर ऐकू आली.

"अरे ईसा, या गाडीला कमानी आहेत की पाटे-वरवंटे? एक खुबा मोडका होता, आता दोन झाले."

बायका हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम. मुल्लांना उतरवायचं धाडस कोणाला होईना, म्हणून मागची दोन्ही दारं उघडी टाकली आणि गाडीभोवतीच चटया पसरल्या. ज्यांचे गुडघे धरतात त्या म्हाताऱ्या बोरीखालच्या सीटवर बसल्या. मुल्ला उशीवर मान टेकून आडवे होते, दाढी पोटावर पसरलेली, तिला ताजी मेंदी.

"उशीर माझ्यामुळे झाला," ते म्हणाले. "दोन वर्षांनी बाहेर पडायचं तर माणसाने दाढी रंगवायची नाही? ईसा बिचारा माझ्याशी बोलत बसून राहिला माझी मेंदी वाळेपर्यंत." मग त्यांनी मान जरा वळवली. "या मुलाला दुआ द्या, बायांनो. मागच्या गुरुवारी आला, माझ्या खाटेशी बसला, म्हणाला, मुल्ला, सीट काढतो, पण तुम्हाला नेतो. मला वाटलं, बोलतात सगळेच."

बायकांनी पुन्हा सलवात म्हटली. तूबा गाडीच्या दाराशी पाण्याचा पेला घेऊन उभी होती. मागच्या गुरुवारी ईसा सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्याबरोबर मीनाबला, तिच्या आईच्या घरी होता. दोघांनी मिळून रहमतच्या खोलीला चुना लावला होता.

मुल्लांनी सूर लावला. आवाज पूर्वीचा नव्हता, पातळ झाला होता, मधेच तुटायचा. पण तुटला की अंगणातली प्रत्येक बाई तो आपल्या श्वासाने सांधून घ्यायची. त्यांनी हुरची कथा घेतली. शत्रूचा सरदार हुर, ज्याने इमाम हुसैनची वाट अडवली. लढाईच्या सकाळी तो घोड्यावर बसून थरथरतो. सोबती विचारतो, तू आणि भीती? हुर म्हणतो, दोन वाटांच्या मधोमध उभा आहे, रे. आणि टाच मारतो. तो हुसैनच्या तंबूपुढे येतो, मान खाली घालून, ढाल उलटी धरून. मला उशीर झाला का? आणि मुल्लांनी इमामांच्या उत्तराचा तो एकच शब्द गायला, पुन्हा पुन्हा, दर वेळी निराळ्या जागेवरून, नाही, नाही, नाही.

ईसा भिंतीपाशी उकिडवा बसला होता. त्याचे खांदे हलत होते. रौझ्यात सगळेच रडतात, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

बायका पांगू लागल्या. मुल्लांच्या अंगावर चादर घालायला तूबा वाकली. ईसा पुढे बसून गाडी सुरू करत होता.

"मुल्ला," ती अगदी हळू म्हणाली, "मागच्या गुरुवारी आम्ही मीनाबला होतो."

"असं?" मुल्ला म्हणाले. त्यांनी चादरीतून हात काढून तिच्या डोक्यावर ठेवला. "म्हातारपणी दिवसांचा घोळ होतो, पोरी. तुझा होतो का कधी?"

तूबाने चादर नीट खोचली आणि दार ओढून घेतलं.

ईसाने सीट शनिवारी पुन्हा बसवली, आणि पुढच्या पहिल्या गुरुवारी पुन्हा काढली. तेव्हा कोणी लोणच्याचं विचारलं नाही. मुल्ला अजून काही गुरुवार आले. मग एका थंडीत गेले.

आता माझं मागणं. आज रात्री नमाज झाली आणि हात वर उचललेत, की मुल्ला कंबर यांचं नाव घ्या. त्यांच्या आवाजासाठी नको. आवाज खुदा पुष्कळांना देतो. दिवसांच्या त्या घोळासाठी घ्या.