कोरी वही

“किती जणींना फायदा झाला ते सगळेच सांगतात गं. मध्येच येणं बंद केलेल्या कुठे गेल्या, ते विचार,” पालकांच्या वर्गांचा विषय निघाला तेव्हा माझ्या मुलाला लस टोचता टोचता नर्सबाई म्हणाल्या होत्या. मी हसून मान डोलावली. मी संख्याशास्त्राची पदवीधर. मनात म्हटलं, आता या मला शिकवणार.

चिडक्या मुलांना कसं सांभाळायचं हे पालकांना शिकवणारा कार्यक्रम निवडायचं काम पाळणाघराच्या बाईंनी माझ्या गळ्यात घातलं होतं. तीन संस्थांच्या फायली होत्या. पहिलीत नुसती आयांची कौतुकपत्रं. दुसरीचा अभ्यास चांगला, पण आठ वर्षांपुढच्या मुलांवरचा. आमची सगळी पाचच्या आतली. तिसरा कार्यक्रम दोनदा तपासलेला होता, तो न मिळालेल्या आयांशी तुलना करून. आठ शनिवार वर्ग, आणि घरी रोज वही भरायची: मूल कधी चिडलं, तुम्ही काय केलं. मी तोच निवडला. निवड चुकली नव्हती, हे आजही सांगते. सोडून गेलेल्यांबद्दल त्या फायलीत एक पान होतं. ते मी न वाचता उलटलं.

चौदा जणींनी नावं दिली. त्यांत माझी थोरली जाऊ. तिची लेक चार वर्षांची, पाळणाघरात मुलांना चावायची. वहिनी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला, ओल्या चादरी उचलून खांदे भरून आलेले. तरी पहिले दोन्ही शनिवार पुढच्या रांगेत बसली. वह्या तपासायचं काम मी आपणहून अंगावर घेतलेलं. तिसऱ्या शनिवारी तिची वही कोरी निघाली.

“वहिनी, चार ओळी लिहायला असा किती वेळ लागतो?” मी सगळ्यांदेखत म्हटलं. वर आणखी, “की लेकीने वहीसुद्धा चावली?”

बायका खो खो हसल्या. तीही हसली. पुढच्या शनिवारी ती आली नाही, आणि मी साधा फोन केला नाही. नंतर आणखी चौघी गळाल्या. शेवटचा अभिप्रायाचा फॉर्म वर्ग पूर्ण करणाऱ्यांनीच भरायचा, म्हणून मी पाच नावांवर रेघ मारली. उरलेल्या नऊच्या नऊ समाधानी. अहवालात ठळक अक्षरांत शंभर टक्के लिहिलं. टाळ्याही घेतल्या.

आठवड्याभराने पाळणाघराच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. पुतणीच्या दंडावर बोटांचे वळ होते. मी तशीच वहिनीकडे गेले, आणि खरं सांगते, जाताना डोक्यात हेच होतं की वर्ग बुडवल्यावर दुसरं काय होणार.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, “वहीत काय लिहायचं होतं मी? ती चिडली आणि मी मारलं? रोज तेच? तू वाचणार होतीस ना.” मग एक फ्रॉक उगाच दोनदा घडी करून, “हात उठतो तेव्हा काय करायचं, एवढंच विचारायला येत होते गं.”

ते सहाव्या शनिवारी शिकवलं होतं. मी तिला तिथवर पोचू दिलं नव्हतं.

वर्गात शिकवणाऱ्या ताई आता दर गुरुवारी तिच्या घरी जातात, वहीशिवाय. पुतणीचा दंड बरा आहे. वहिनी माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखी थट्टा करत नाही. अहवालात मी चौदापैकी नऊ असं दुरुस्त केलं आणि बाकीच्या चौघींची दारं ठोठावली. तिघी भेटल्या. चौथी घर बदलून गेलीय, फोन लागत नाही. उंच, चष्मा एका बाजूने दोऱ्याने बांधलेला, कडेवर एक आणि बोटाला एक अशा जुळ्या मुली. मुलींवर ओरडून झालं की स्वतःच रडायची. तुमच्या इमारतीत अशी कुणी नवीन राहायला आली असेल, तर जिन्यात तिला थांबवा. मुली थोडा वेळ तुमच्याकडे घ्या, आणि ती बरी आहे ना, तेवढं विचारा.